सहा पात्यांचा पंखा

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर गाड्या तुंबल्या होत्या. पुढं एसटी, मागं एसटी, मध्ये आमची जीप. मी सहज डावीकडं मान वळवली तर माझ्या बायकोचं, हरणाचं तोंड मिटलेलं. बस, झालं ते एवढंच. आता कोणी म्हणेल, बायकोचं तोंड मिटलेलं दिसलं तर माणूस पेढे वाटेल, तुम्हाला कसला धक्का बसला? पण बसला. क्लचवरचा पाय सुटला, जीप आचका देऊन बंद पडली, आणि मागच्या एसटीवाल्यानं हॉर्नवर जो हात ठेवला तो उचलायचं नाव नाही. "काय झालं वो?" हरणानं विचारलं. "काय न्हाई," म्हणालो आणि पुन्हा स्टार्टर मारला. काय न्हाई कसं? सत्तावीस वर्षं ही बाई या जीपमध्ये माझ्या डाव्या हाताला बसतेय, आणि गाडी चालू आहे पण हिचे ओठ हलत नाहीत असं एकदाही झालेलं नाही. आज करंज्यापासून नाक्यापर्यंत ती मांडीवर पिशवी घेऊन, ओठ मिटून, फोटो काढायला बसल्यासारखी बसली होती.

करंज्यात रसूलचं गॅरेज. तिथून आम्ही दहा मिनिटांपूर्वी निघालो होतो. जीपच्या रेडिएटरला त्यानं त्याच सकाळी नवा इलेक्ट्रिक पंखा बसवला होता. हा पंखा गाडीबरोबर येतो तसला नव्हे, बाजारात सुटा मिळतो, पट्ट्या मारून कुठल्याही गाडीला जमवतात. पाणी तापलं की आपोआप फिरतो, निवलं की गप. इंजिनाशी त्याचं काही देणंघेणं नाही. रसूलनं जाळीपुढं रुमाल धरून दाखवला, पंख्यानं तो चटकन ओढून चिकटवून घेतला. "बगा फौजी, कसा वढतोय. आता नाक्यावर तासभर थांबा, काटा हलायचा न्हाई." हरणा बाजूला उभी राहून सगळं लक्ष देऊन बघत होती. मला त्याचं नवल वाटलं होतं, कारण या बाईला स्टेपनी आणि स्टिअरिंग यातला फरक सांगता येणार नाही. पण तिचाच हट्ट होता ना. महिनाभर माझ्या मागं लागली होती, गाडी तापती, पंखा बदला, मिरजंला जाताना मधीच बंद पडली म्हंजी?

आणि जुना पंखा म्हणजे काय होता! जीप मी फौजेतून पेन्शनवर आलो त्या साली लिलावात घेतली. पेट्रोलची गाडी, आवाजानं गरीब गाय. पण पहिल्याच पावसाळ्यात तिच्या पंख्याचं पातं मोडलं आणि रेडिएटरमध्ये घुसलं. तसला पंखा कुठं मिळेना, तेव्हा रसूलच्या वडलांनी एका मोडीतल्या ट्रकचा सहा पात्यांचा लोखंडी पंखा काढून तिला ठोकून बसवला. इंजिनाबरोबर तो फिरायचा, जितकं पळवाल तितका बोंबलायचा. चालत्या पिठाच्या गिरणीत उभं राहून गप्पा मारता येतील का? तसं. उंब्रजच्या पुढं चार मैलांवर आमचं गाव, तिथं फाट्यावर गाडी वळली की माझी आई घरात चहाचं आधण ठेवायची. आत बसलेल्यांचा संसार मात्र खुणांवर. पाणी पाहिजे तर अंगठा तोंडाकडं, थांबायचं तर माझ्या दंडावर चापट. शिवांजली, आमची मुलगी, सहा वर्षांची होती तेव्हापासून या खुणांत तरबेज.

आणि त्या कालव्यात हरणाचे ओठ हलायचे. पहिल्या फेरीपासून. समोर रस्त्याकडं बघत, पदर नीट करून, एकसारखे हलायचे. मी ठरवून टाकलं, नामस्मरण चाललंय. ठरवायला काय लागतं? तिच्या माहेरी सगळे माळकरी, घरात रोज हरिपाठ. शिवाय लिलावातल्या जीपमध्ये बसलेल्या माणसानं देवाचं नाव नाही घ्यायचं तर कोणी घ्यायचं? मला तर अभिमानच वाटायला लागला. ती शेजारी असली की मी तंबाखू तोंडात धरत नसे. आडव्या आलेल्या ट्रकवाल्याला शिवी द्यायची झाली तर मनातल्या मनात द्यायचो. भावकीत सांगायचो, आमची मंडळी गाडीत बसली की सातारा ते उंब्रज जप चालू, म्हणून आजवर साधा टायर फुटला नाही. एकदाच, कधीतरी, गाडी उभी असताना विचारलं होतं, "कुठल्या देवाचं म्हणतीस गं?" ती हसली. पदर तोंडाला लावून, इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "हाय एक," म्हणाली. मी म्हटलं असेल कुलदैवत, आणि सोडून दिलं. मी फार गोष्टी अशा सोडून दिल्या.

पण जपाला गोंगाट कशाला लागतो? नाक्यावरून सदर बझारातल्या घरापर्यंत माझ्या डोक्यात हे एकच घुमत होतं. देव काय गाडी शांत झाली म्हणून रुसला? उलट आता तर निवांत. म्हणजे तो जप नव्हता. कधीच नव्हता. ती बोलत होती, आणि ऐकू जाणार नाही याची खात्री होती म्हणून बोलत होती. सत्तावीस वर्षं, महिन्यातून दोनदा धरा, तीनदा धरा, माझ्यापासून हातभर अंतरावर बसून ही बाई काहीतरी सांगत होती आणि मी गिअर बदलत होतो. घरी आल्यावर तिनं नेहमीसारखा चहा टाकला. मी तिच्या पाठीकडं बघत बसलो. "काय बगताय?" "काय न्हाई." गळ्याजवळ पदराच्या आत ती गाठ आता बाहेरूनही दिसायला लागली होती, लिंबाएवढी.

ती गाठ काढायची होती. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता मिरजेला दवाखान्यात भरती व्हायचं, शुक्रवारी ऑपरेशन. डॉक्टर चांगला माणूस होता, कागदावर गळा काढून दाखवला. गाठ साधी आहे म्हणाला, घाबरायचं कारण नाही. फक्त आवाजाची नस गाठीला चिकटून जाते. बहुतेकांना काही होत नाही, काहींचा आवाज थोडे दिवस बसतो, एखाद्याचा कायमचा जातो किंवा बदलतो. हे सांगताना तो माझ्याकडं बघत होता, पण ऐकलं हरणानं. बाहेर आल्यावर म्हणाली, "बरंच हाय की. तुमच्या जिवाला तेवढाच आराम." मी हसलो. काय माणूस आहे मी, हसलो! तेव्हा मला ते चेष्टेचं वाटलं होतं. आता आठ दिवस राहिले होते, आणि त्या आवाजात जे सत्तावीस वर्षं बोललं गेलं त्यातला एक शब्द मला माहीत नव्हता. शुक्रवारनंतर कदाचित तो आवाजच राहायचा नाही. ती सांगायची राहील, आणि मी ऐकायचा राहीन.

काय बोलत असेल? अंथरुणावर पडल्या पडल्या मी माझे गुन्हे आठवायला लागलो, आणि आठवायला फार कष्ट पडले नाहीत. मी सतरा वर्षं फौजेत, त्यातली लग्नानंतरची बारा ही गावात, माझी आई, दोन दीर, जावा आणि म्हशी यांच्या मध्ये. वर्षातून दोन महिने सुट्टी, आणि त्या घरात नवरा-बायकोनं चार शब्द बोलायला जागा कुठं होती? सोप्यात माणसं, परड्यात माणसं. मी काही बोललो तर ती आत बघून मान हलवायची. मग सातारला आलो, तर आई आजारी पडली. चार वर्षं आई अंथरुणाला होती. हरणानं तिचं सगळं केलं, सगळं म्हणजे सगळं, आणि मी एका शब्दानं, अहो एका शब्दानं, तिला कधी म्हटलं नाही की तू फार केलंस. मनात होतं. पण मनातलं काय कामाचं? एकदा तिला उंब्रजच्या स्टँडवर पोरीसकट चार तास बसवून ठेवलं, कारण मी एका जुन्या दोस्ताबरोबर पत्ते कुटत होतो. आल्यावर ती काही बोलली नाही. जीपमध्ये बसली, मी गाडी चालू केली, आणि तिचे ओठ हलायला लागले. आणि मी म्हटलं, वा, देवाचं नाव.

मग मी युक्त्या सुरू केल्या. म्हातारपणी माणूस किती खुळा होतो बघा. दुसऱ्या दिवशी तिला कोरेगावला घेऊन गेलो, कारण नसताना. चाळीसच्या पुढं काटा जाऊ दिला नाही. गाडी लोण्यासारखी चालली होती. रस्त्याकडेच्या झाडावरल्या होल्याचं घुमणं आत ऐकू येत होतं, आणि हरणा गप. तिसऱ्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत मोठमोठ्यानं गुणगुणायला लागलो, म्हटलं थोडा आडोसा होईल. ती म्हणाली, "बरं वाटतंय नव्हं तुमाला?" चौथ्या दिवशी मी कमालच केली. म्हणालो, "अलीकडं मला ह्या कानानं कमी ऐकू येतंय, डाव्या." डावा म्हणजे तिच्या बाजूचा. मनात म्हटलं, आता तरी धीर होईल. तर ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, "मंग मिरजंला तुमचंबी दावूया!" एकदा मात्र वाढ्याच्या पुलावर तिनं माझ्याकडं वळून तोंड उघडलं. नक्की उघडलं. मी श्वास धरला. मग तिनं तोंड मिटलं आणि खिडकीतून नदी बघायला लागली. त्या रात्री मी ठरवलं, मला नको ऐकायला. मी कोण मोठा लागून गेलो ऐकणारा? पण तिचं तिला बोलायला मिळालं पाहिजे. तो आवाज गळ्यात आहे तोवर तिला तिची जागा परत मिळाली पाहिजे, आणि ती जागा मीच रसूलच्या हातानं मोडून ठेवली होती.

बुधवारी सकाळी ती शेजारणीकडं गेलेली बघून मी गॅरेज गाठलं. "काढ त्यो," म्हणालो. "जुना बसीव."

रसूल हातातला पाना घेऊन उभाच राहिला. "आवं फौजी, डोस्कं ठिकाणावर हाय नव्हं? आठ दिस न्हाई झालं बसवून. उद्या मिरजंला जायाचं अन् आज आसला खेळ?"

"हायवेला वारा हाय. न्हाई तापत."

"अन् वैनी? वैनींना इचारलंसा?"

"वैनीसाठीच बसवतोय."

त्यानं पाना खाली ठेवला. वडलांसारखाच आहे तो, जास्त विचारत नाही, पण तोंडातल्या तोंडात चालू असतं. मागच्या पत्र्याखालून त्यानं तो सहा पात्यांचा धोंडा ओढून काढला. "ह्या पंख्यानं आमच्या अब्बांचा एक कान नेला," म्हणाला. "अन् तुमाला परत पायजे. बरं. नवा खोक्यात घालून मागं ठिवतो. तुमी परत येणार हे मला म्हाईत हाय." दुपारी एकला गाडी चालू केली तेव्हा गॅरेजच्या दारातली कुत्री उठून पळाली. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. घराच्या थोडं अलीकडंच गाडी लावली आणि चालत गेलो.

गुरुवारी सकाळी सातला निघालो. शिवांजली पुण्याहून रेल्वेनं परस्पर मिरजेला येणार होती, त्यामुळं गाडीत आम्ही दोघंच. हरणानं पिशवी मागं ठेवली, देवाचा अंगारा डॅशबोर्डला लावला आणि बसली. मी किल्ली फिरवली. तो आवाज उठला तशी ती दचकली. माझ्याकडं बघितलं. मी आरशात बघितलं. ती काहीतरी म्हणाली, ते अर्थातच ऐकू आलं नाही, आणि मी कानाला हात लावून मान हलवली, म्हटलं, आता कसं! बोल आता पोटभर. हायवेला लागलो. मी नजर रस्त्यावरून ढळू देत नव्हतो. चिमण्यांना दाणे टाकून माणूस लांब उभा राहतो तसा बसलो होतो, हूं की चूं नाही. नागठाणे गेलं. चोरून बघितलं, ओठ मिटलेले. काशीळ गेलं, ओठ मिटलेले. उंब्रज आलं आणि गेलं, कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या मागं पडल्या, आणि हरणा समोर न बघता सरळ माझ्याकडं बघत बसली होती, डोळे भरून आलेले, आणि चेहरा असा, की मला घाम फुटला. मग तिनं माझ्या दंडावर चापट मारली. एक नाही, चार.

मी गाडी कडेला घेतली. पंखा घरघरत होता, त्यावर ती ओरडली, "ह्ये परत कशाला बसीवलं?"

"तू बोलावंस म्हणून!" मीही ओरडलो. शेजारून जाणारा मोटारसायकलवाला वळून बघायला लागला.

"मी काय बोलू?"

"जे सत्तावीस वर्सं बोलतीस त्ये! मला ऐकायचं न्हाई! पर मिरजंच्या आदी तुजं तू बोलून घे! शांत गाडीत तुजं तोंड बंद झालं, दिसत न्हाई व्हय मला?"

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आवं देवा! तुमाला ऐकू जावं म्हणून तर म्या त्यो काढाय लावला! गाडी तापती ह्ये निमित्त हुतं! म्हटलं आवाज जायाच्या आदी येकदा तरी तुमच्या कानावर पडूदे!"

मी किल्ली फिरवली. पंखा फिरत फिरत थांबला, एक एक पातं मोजता येईल असा. हायवेवरच्या गाड्या तेवढ्या जात होत्या. माझे हात स्टिअरिंगवर तसेच होते. "मग आठ दिवस गप का?" मी विचारलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "सुरवातच हुईना. त्या आवाजात मी बोलायची नव्हं, तर पयलं तुमचं नाव घ्याची. हाक मारल्यागत. मग फुडचं. म्हशीचं, पोरीचं, आत्याबाईंचं, कदी भांडायची, कदी नुसतंच काय बाय. पर नाव घेतल्याबिगर जीभ सुटायची न्हाई. आता शांत गाडीत पयलाच शबुद तुमचं नाव. तितंच आडायचं. ह्या वयात लाज वाटती वो. बायकुनं नवऱ्याचं नाव घ्याचं म्हंजी काय."

लग्नात घास भरवताना तिनं उखाण्यात माझं नाव घेतलं असेल, पण त्या बँडवाल्यांनी ते मला ऐकू दिलं नव्हतं. त्यानंतर आम्ही एकोणचाळीस वर्षं 'आवं' आणि 'अगं' वर काढली. रसूल मला फौजी म्हणतो, भावकी नाना म्हणते, पोरगी पप्पा म्हणते. आई गेल्यापासून मला नावानं हाक मारणारं या जगात कोणी उरलं नाही असं मी धरून चाललो होतो, आणि माझ्या शेजारी बसून ही बाई सातारा ते उंब्रज, उंब्रज ते सातारा मला हाका मारत होती. मी एकाही हाकेला उत्तर दिलं नव्हतं. मी रडलो म्हणा, मला त्याची लाज नाही.

"घे की मग," मी म्हणालो. "आता कोण हाय हितं?"

"तुमी फुडं बगा. माज्याकडं बगू नका."

मी पुढं बघितलं. रस्ता, ऊस, त्यावर कोवळं ऊन. ती दोनदा खाकरली. मला वाटलं, नाही जमत तिला, राहू दे बिचारीला.

"किस्नात," ती म्हणाली. माझी आई म्हणायची तसं, गावातलं.

"ओ," मी म्हणालो.

"लय भ्या वाटतंय रं मला."

दवाखान्यात अकराला पोचायचं होतं आणि सांगलीच्या रस्त्याला गर्दी असते. मी किल्ली काढून खिशात टाकली आणि तिच्याकडं वळून बसलो.